बाळंतिणीचा सव्वा महिना

खानदेशांत बाळंतिणीचें कौतुक होत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. जळगांव-धुळ्याकडे शेकशेगडी, डिंकाचे लाडू व सव्वा महिन्याची विश्रांति ठरलेली आहे. आरोग्यशास्त्रहि प्रसूतीनंतरचे ४२ दिवस जोखमीचे मानतें. म्हणजे मुदतीविषयीं रूढि व शास्त्र यांचें बहुतेक एकमतच आहे. मतभेद आहे तो उंबरठ्याविषयीं. ताप भरला, स्रावास दुर्गंधि आली, झटके आले, तरी ‘बाळंतपणांत एवढें व्हावयाचेंच’ म्हणून तिला घरांतच ठेवणें ही काळजी नव्हे, कैद होय. अतिरक्तस्राव तर कांहीं तासांतच प्राण घेतो. तो सोयर फिटण्याची वाट पाहत नाहीं.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वयें २०११ पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूति, औषधें, रक्त व वाहन विनामूल्य झालें. २०१४ सालीं प्रसूतीनंतरचे विकारहि त्यांत आले. हा धर्मादाय नसून हक्क आहे. आशाताईंनीं ४२ दिवसांत सहा-सात वेळां घरीं यावें, असाहि नियम आहे. त्या भेटींत बाळाच्या वजनाबरोबर आईचीहि विचारपूस व्हावी. चोपडा, यावल, शिरपूर येथील सातपुड्याच्या पाड्यांवर वाहन वेळेवर पोहोंचविणें हें सरकारचें कर्तव्य होय. परंतु वाहन दाराशीं उभें असतां सासू व नवरा ‘जा’ म्हणत नसतील, तर दोष कोणाचा? लाडूंबरोबर ही परवानगीहि बाळंतिणीस पहिल्याच दिवशीं द्यावी, अशी आमची वाचकांस विनंति आहे.