परिषदांचे ब्लॉकचेन-आधारित कार्बन प्रतिपूरण

परिषदेच्या प्रतिनिधींमुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची भरपाई ब्लॉकचेनवर नोंदवलेल्या कार्बन क्रेडिटद्वारे करण्याची ही पद्धत होय. आंतरराष्ट्रीय परिषदांच्या उत्सर्जनात बहुधा विमानप्रवासाचाच वाटा सर्वांत मोठा असतो. प्रतिनिधींनी कापलेल्या अंतरावरून उत्सर्जनाचा अंदाज काढून तितकी क्रेडिटे विकत घेतली जातात व कायमची रद्द केली जातात. एक क्रेडिट म्हणजे एक मेट्रिक टन कार्बन डायऑक्साइड किंवा तितकाच तापमानवाढीचा परिणाम करणारे अन्य वायू. रद्द केलेले टोकन पुन्हा विकता येत नाही आणि त्याची नोंद कोणालाही तपासता येते.

मात्र मूळ प्रकल्पामुळे उत्सर्जन खरोखर घटले का, हे ब्लॉकचेनला पडताळता येत नाही. तिथे केवळ दाव्याची नोंद सुरक्षित राहते. टूकन प्रोटोकॉलने २०२१ मध्ये व्हेरा या प्रमाणन संस्थेच्या नोंदवहीत रद्द झालेल्या क्रेडिटांची टोकने पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर आणली. व्हेराच्या लेखी रद्द होणे म्हणजे भरपाई पूर्ण होणे; तरीही तीच क्रेडिटे टोकनरूपाने बाजारात फिरत राहिली. त्यांत मागणी उरलेली नसलेल्या जुन्या प्रकल्पांची क्रेडिटे बरीच होती. मे २०२२ मध्ये व्हेराने या प्रथेवर बंदी घातली.