पुढे पोलीस आहेत!

बंगळुरूच्या महादेवपुरा भागात बाह्य वळण रस्त्यावरून रात्री जाणाऱ्या चालकाला भ्रमणध्वनीवरील नकाशा पुढील कोंडी, अपघात आणि पोलीस यांचीही पूर्वसूचना देऊ शकतो. ही माहिती पोलीस पुरवीत नाहीत. पुढे गेलेला चालक पडद्यावर बोट टेकवून नोंद करतो. मागून येणारे ती खरी किंवा जुनी ठरवतात. इस्रायलमध्ये जन्मलेल्या व २०१३ साली गूगलने विकत घेतलेल्या ‘वेझ’ने ही पद्धत रूढ केली.

वेगमापक कॅमेऱ्याची सूचना मिळाल्यास चालक निदान तेवढ्यापुरता वेग कमी करतो. मद्यपान-तपासणीच्या सूचनेने मात्र कोणाचीही नशा उतरत नाही. तो फक्त आडगल्लीत वळतो. म्हणूनच फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी गूगलला पत्र लिहून अशा सूचना थांबविण्याची मागणी केली. फ्रान्समध्ये २०२१ पासून अशा तपासणीच्या परिसरात प्रशासन त्या काही काळ बंद ठेवावयास लावू शकते.

आपल्याकडे रक्ताच्या १०० मिलिलीटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ नुसार पहिल्या गुन्ह्यास १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. नाकाबंदी चुकविली की हे टळते, अपघात नव्हे. वाहनकर्ज घेतलेल्या ग्राहकांनी आपले विमापत्र (ते सहसा कोणी वाचत नाही) अवश्य पाहावे. मद्याच्या अमलाखाली चालविलेल्या गाडीचे नुकसान सर्वसाधारणपणे विम्यातून वगळलेले असते. गाडी भंगारात गेली तरी कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेस खात्यातून वजा होतच राहतो.