रोटरी रेसकारला कोणता प्लग लावावा?

लीडिंग आणि ट्रेलिंग

माझदाच्या १३बी इंजिनात दोन रोटर असतात आणि प्रत्येकाला दोन प्लग: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी असल्यामुळे एकाच ठिणगीची आग टोकापर्यंत वेळेत पोचत नाही. १९९१ साली ले मांची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बी गाडीत चार रोटर होते आणि प्रत्येकाला तीन, म्हणजे एकूण बारा प्लग!

ट्रेलिंगचे भोक मुद्दाम बारीक ठेवतात. रोटरच्या टोकावरची एपेक्स सील त्यावरून सरकताना तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबांत मोठा फरक असतो. भोक मोठे असेल तर वायू त्यातूनच पलीकडे निसटतो.

प्लग एवढा का तापतो

चार-स्ट्रोक पिस्टन इंजिनात शाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. रोटरीत प्रत्येक रोटरचे ज्वलन दर फेरीला होते. शिवाय पिस्टन इंजिनात जिथे आग पेटते तिथेच पुढचे गार मिश्रण येते आणि प्लगाला उसंत मिळते. रोटरीत मिश्रण आत येते ते हाउसिंगच्या दुसऱ्या बाजूला. प्लगाची बाजू कायम भाजत राहते.

हीट रेंज: खरा निर्णय इथे

१९९० च्या दशकातल्या माझदा आरएक्स-७ ला कंपनीकडून एनजीकेचे लीडिंगला बीयूआर७ईक्यू आणि ट्रेलिंगला बीयूआर९ईक्यू येत. एनजीकेत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा. बॉश आणि चॅम्पियन यांचे आकडे उलटे चालतात, तेव्हा ब्रँड बदलताना तक्ता पाहिल्याशिवाय खरेदी करू नका.

ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला चारही जागी ९ ही चांगली सुरुवात आहे. टर्बोचे बूस्ट वाढवले असेल तर शर्यतीसाठीच बनलेले १० किंवा त्याहून थंड प्लग घ्यावेत. बूस्टबरोबर ठिणगीला लागणारे व्होल्टेजही वाढते. त्यामुळे जोर लावल्यावर मिसफायर होत असेल तर कॉइल आणि गॅप तपासा.

गरम प्लगाचे टोक लाल होते आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. अशा अवेळी ज्वलनाच्या दाबाने एपेक्स सील तुटते आणि तिचे तुकडे एक्झॉस्टमधून थेट टर्बोत जातात. फार थंड प्लगाचा त्रास वेगळा. रोटरी इंजिन सीलच्या वंगणासाठी मुळातच ऑइल जाळते. थंड टोकावर ते जळून साफ होत नाही, प्लग काळा पडतो आणि गाडी पिटमध्ये हळू चालवताना आचके देते.

आकारात तडजोड नाही

बाहेर डोकावणाऱ्या इलेक्ट्रोडचा साधा प्लग आटे जुळले तरी लावू नये. हाउसिंगच्या आतल्या पृष्ठभागापुढे प्लग केसभरही आला तर सील त्यावर आपटेल.

प्लग वाचणे

फुल थ्रॉटलच्या फेरीनंतर इग्निशन बंद करून गाडी पिटमध्ये घरंगळत आणा. ऑइलमुळे रंग फसवतो, म्हणून सिरॅमिकवर फोड आणि इलेक्ट्रोडची झिजलेली, वितळलेली कड शोधा. यातले काहीही दिसले तर त्या प्लगावर पुन्हा ट्रॅकवर जाऊ नका. आणि दोन आकड्यांत अडलात तर थंड प्लगच घ्या, कारण काळा पडलेला प्लग पिटमध्ये बदलता येतो, तुटलेल्या सीलसाठी मात्र अख्खे इंजिन उघडावे लागते.