छिन्नमनस्कांशी बोलणार कोण?

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिंगणी हे गाव लागते. अशा गावात विशीतला एखादा मुलगा एकटाच पुटपुटू लागला, शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे म्हणू लागला, की घरची माणसे बहुधा आधी मांत्रिक गाठतात आणि मग सेवाग्रामचे रुग्णालय किंवा नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय. तेथे छिन्नमनस्कतेचे निदान होते, औषधे सुरू होतात, कानांतील आवाज मंदावतात आणि मुलगा घरी परततो. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. तो दिवसभर भिंतीकडे पाहत बसतो, आई रडते, बाप ‘आळशी’ म्हणून करवादतो आणि गोळ्या हळूहळू बंद होतात.

या रोगावर बोलण्याने गुण येतो काय, हा वाद जुना आहे. असे रुग्ण मनोविश्लेषणास योग्य नाहीत, असे फ्रॉइडचे मत होते. उलट ॲरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने एका रुग्णाच्या भ्रमावर संवादाने केलेल्या उपचाराचा वृत्तान्त १९५२ साली प्रसिद्ध केला. विचार व वर्तन यांवर आधारलेली ही पद्धत आज ब्रिटनमध्ये अधिकृतपणे सुचविली जाते. मात्र २०१४ साली तेथीलच संशोधकांनी अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा लक्षणांवरील तिचा परिणाम अल्प ठरला. संवादाला औषधाची जागा देणारे रुग्णाची फसवणूक करतात, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

पण म्हणून बोलणे व्यर्थ ठरत नाही. घरातील सततची टीका आणि आरडाओरडा यांनी रोग पुन्हा उलटतो, आणि कुटुंबाला समजावून सांगितल्यास तसे उलटणे कमी होते, याविषयी पुरावा अधिक भक्कम आहे. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट यांनी हीच गोष्ट मराठी मध्यमवर्गापर्यंत पोहोचविली. ती खेड्यात कोणी न्यावयाची?

याचे एक उत्तर आपल्याच देशात तपासले गेले आहे. सातारा, गोवा व तमिळनाडू येथील २८२ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. मानसोपचाराची पदवी नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते घरोघरी जात. औषधांची विचारपूस करीत, कुटुंबाशी बोलत, कामाला लागण्यास हात देत. वर्षभरानंतर या रुग्णांची लक्षणे आणि परावलंबित्व केवळ दवाखान्यात जाणाऱ्यांपेक्षा काहीसे कमी आढळले. फरक माफक होता. पण तो सर्वांत ठळक दिसला तो ग्रामीण तमिळनाडूत, जेथे इतर सोयी अपुऱ्या होत्या. हिंगणीचे साम्य पुण्याशी कमी आणि त्या खेड्यांशी अधिक आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने समाजाधारित पुनर्वसन हा रुग्णाचा हक्क मानला आहे. तो अमलात आणावयाचा, तर दार ठोठावणारे माणूस हवे आणि त्याला मानधनही हवे. लसीकरण आणि बाळंतपणे सांभाळणाऱ्या आशाताईंच्या शिरावर हेही फुकट लादून चालणार नाही. तोवर सारा भार घरावरच राहतो, आणि कापूसवेचणीच्या दिवसांत तर रुग्णाला सेवाग्रामच्या बसपर्यंत नेण्यासही घरात कोणी मोकळे नसते.