थेंब पानावर टिकावा म्हणून

कांद्याच्या पातीवर पाणी ठरत नाही, हे नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. पात उभी आणि तिच्यावर मेणाचा थर. त्यामुळे फवाऱ्याचा थेंब गोळी होऊन घरंगळतो. फुलकिडे मात्र पातीच्या बेचक्यात सुखरूप राहतात आणि महागडे औषध मातीला मिळते. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ डाइन प्रति सेंटिमीटर असतो. सिलिकॉनयुक्त प्रसारक द्रव्य किंचित मिसळले की तो वीस-बावीसपर्यंत उतरतो आणि थेंब पापुद्र्यासारखा पसरतो. चिकट द्रव्ये औषध पावसाने धुऊन जाऊ देत नाहीत; तेले ते पानात मुरण्यास साह्य करतात.

ही कल्पना नवी नव्हे. फ्रान्समधील मिलार्दे यांनी १८८५ साली पुढे आणलेले बोर्डो मिश्रण आपल्या द्राक्षबागाईतदारांच्या परिचयाचे आहे. त्यातील चुना मोरचुदाची दाहकता कमी करतो आणि तांबे पानाला चिकटून राहील असा साका तयार करतो. एका औषधाच्या यशामागे दुसऱ्या, स्वतः कीड वा रोग न मारणाऱ्या पदार्थाचा हात असतो, तो असा.

तथापि, गुण मात्रेत असतो. स्वस्त म्हणून पंपात कपडे धुण्याची पूड टाकणारे शेतकरी थोडे नाहीत. तिच्यातील सोड्याने पाणी अल्कधर्मी होते आणि मॅलाथिऑनसारखे औषध अशा पाण्यात विघटन पावते. म्हणजे थेंब पसरला, पण त्यातील औषधच निकामी झाले! उलट प्रसारक द्रव्य जास्त झाले, तर द्रावण पानावरून निथळून जाते, कधी पानही करपते.

याहून गंभीर प्रश्न माणसाचा व परिसराचा आहे. ग्लायफोसेट या तणनाशकात वापरले जाणारे चरबीजन्य प्रसारक द्रव्य जलचरांना मूळ तणनाशकापेक्षाही घातक आढळले. युरोपीय संघाने २०१६ साली अशा उत्पादनांतून ते वर्ज्य केले. तेव्हा ‘सहायक’ म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत सोडलेली बरी.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याचे खापर सहायक द्रव्यांवर फोडणे न्याय्य ठरणार नाही. डोक्याएवढे वाढलेले पीक, औषधांची सरमिसळ आणि संरक्षक साधनांचा अभाव ही कारणे त्या वेळी पुढे आली. परंतु पंपात काय मिसळावे याचा निर्णय बहुधा दुकानदाराच्या सल्ल्यावर होतो, हे त्या दुर्घटनेने उघडे केले.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याची रचना कीड, रोग व तण मारणाऱ्या द्रव्यांभोवती आहे. त्यांना बळ देणाऱ्या बाटलीकडे तितक्याच काटेकोरपणे पाहिले गेले पाहिजे. तिच्यावर घटक, मात्रा आणि कोणत्या औषधाशी ती जुळत नाही, हे ठळक मराठीत छापलेले असावे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांनी पीकवार चाचण्यांचे निष्कर्ष गावोगाव पोहोचवावेत. कमी औषधात काम भागविणे हेच या द्रव्यांचे खरे प्रयोजन आहे. ती मिसळूनही फवारण्यांची संख्या घटत नसेल, तर शेतकऱ्याच्या खर्चात आणखी एका बाटलीची भर पडली, एवढाच त्याचा अर्थ होईल.