टिकटिक तर करतं, पण टिकतं का?

मनगट पुढे करा. एका हातात काही लाखांचं, प्रमाणपत्रवालं स्विस मेकॅनिकल घड्याळ. दुसऱ्या हातात हजार-दोन हजारांचं प्लास्टिकचं डिजिटल. सांगा पाहू, वेळ जास्त बरोबर कोण दाखवेल?

प्लास्टिकवालं! आणि तेही आरामात.

हिशेब बघा. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था घड्याळाच्या मशीनला पंधरा दिवस उलटंपालटं करून, थंड-गरम करून तपासते आणि मगच ‘क्रोनोमीटर’ हा किताब देते. त्या किताबात दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी मोकळीक असते. कॅसिओच्या गरीब बिचाऱ्या एफ-९१डब्ल्यूला कंपनीने दिलेली मोकळीक किती, माहीत आहे का? महिन्याला ३० सेकंद. म्हणजे दिवसाला फक्त एक! लाखांचे बारा हजार झाले तरी चालतील, पण आपले बारा वाजायला नकोत, असं वाटणाऱ्यांसाठी ही खूशखबर.

ही जादू कुणाची? आत बसलेल्या क्वार्ट्झच्या चिमुकल्या, नादकाट्याच्या आकाराच्या स्फटिकाची. तो सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा थरथरतो. एवढा विचित्र आकडा का? त्याचं अर्धं करा, पुन्हा अर्धं करा, असं पंधरा वेळा करा. उरतो नेमका एक. झाला एक सेकंद! चिपला भागाकार सोपा, आपल्याला वेळ अचूक.

तुलनेसाठी आपली एचएमटी ‘जनता’ घ्या. रोज चावी द्यायची, कानाशी धरून ऐकायची ती. तिची धडधड तासाला १८,०००. म्हणजे सेकंदाला पाच. पाच विरुद्ध बत्तीस हजार. प्रेम ‘जनता’वर करा, पण सातची विरार फास्ट गाठायची असेल तर क्वार्ट्झ बांधा.

आणि हा क्वार्ट्झ जन्माला आला तेव्हा गरीब नव्हता बरं का! सेइकोचं ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे जगातलं पहिलं विक्रीला आलेलं क्वार्ट्झ रिस्टवॉच. तारीख: २५ डिसेंबर १९६९. किंमत: साडेचार लाख येन. तेवढ्यात त्या काळी जपानमध्ये छोटी मोटार यायची. आज तोच ऐवज भेळेच्या गाडीशेजारच्या टपरीवरही मिळतो.

आता हे माहीत आहे का? क्वार्ट्झ घड्याळ मनगटावर असताना जास्त अचूक चालतं! स्फटिकाला २५ अंश सेल्सिअसच्या आसपास बरं वाटतं. त्याहून थंडी पडली तर तो मंदावतो. उकाडा झाला तरी मंदावतोच. दोन्हीकडून सुस्ती! तुमचं मनगट त्याला बारमाही एसी पुरवतं. नागपूरच्या मे महिन्यात खिडकीत ठेवून दिलेलं घड्याळ मागे पडलं, तर दोष कंपनीला देऊ नका. घालत जा की!

आणखी अचूक हवंय? सिटिझनने २०१९ मध्ये ‘कॅलिबर ०१००’ आणलं. चूक वर्षाला एक सेकंद, प्लस-मायनस. एवढ्या अचूकपणाचं आपण करणार काय, हा प्रश्न वेगळा. लग्नपत्रिकेत ‘१२ वाजून ३७ मिनिटे’ छापून अक्षता सव्वाला टाकणारी माणसं आपण.

थांबा, एक सावधगिरी. बॉक्सवर ‘रेडिओ कंट्रोल्ड, मल्टिबँड ६’ लिहिलेलं दिसलं की हुरळू नका. अशी घड्याळं रात्री गुपचूप रेडिओ सिग्नल पकडून स्वतःला सुधारतात. पण ते सिग्नल सुटतात जपान, चीन, जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेतून. भारतातून असा सिग्नल नाही. म्हणजे पुण्यात बसून तुम्ही अशा अँटेनाचे पैसे मोजता, जिला ऐकायला काही नाही. इथे ब्लूटूथने फोनशी जुळणारं किंवा जीपीएसवालं कामाला येतं.

बाय द वे, मुंबईकरांनो! तुमचं शहर एकेकाळी अख्ख्या देशापेक्षा ३९ मिनिटं मागे होतं, माहीत आहे का? १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने आपला ‘बॉम्बे टाइम’ काही सोडला नाही. तो टिकला थेट १९५५ पर्यंत! घड्याळ कितीही अचूक असो, आधी ‘कोणाच्या वेळेने?’ हे विचारायला लागायचं.

आता आपटाआपटी!

घड्याळ ‘शॉक रेझिस्टंट’ म्हणजे काय? आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साधारण एक मीटरवरून कठीण लाकडी जमिनीवर पडल्याचा धक्का सोसणारं. एक मीटर! म्हणजे जेवणाच्या टेबलावरून जेमतेम थोडं जास्त.

हे एका जपानी इंजिनिअरला पटलं नाही. किकुओ इबे, कॅसिओ. वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं आणि हा गडी पेटला. १९८१ मध्ये त्याने कंपनीकडे प्रस्ताव दिला. किती पानी? एक ओळ! पडलं तरी न फुटणारं दणकट घड्याळ, बस्स. ना आकृती, ना आकडे. आणि गंमत म्हणजे मंजूर! (आपल्याकडे एका ओळीच्या अर्जावर रजासुद्धा मिळत नाही.)

मग लक्ष्य ठरलं ‘ट्रिपल टेन’. दहा मीटरवरून पडलं तरी शाबूत, दहा बारचा पाण्याचा दाब सोसणार, दहा वर्षं बॅटरी. प्रयोगशाळा कुठली? कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या टॉयलेटची खिडकी! तिथून नमुना खाली टाकायचा, जिना उतरायचा, तुकडे गोळा करायचे, जिना चढायचा. असे जवळपास दोनशे नमुने कपाळमोक्ष करून बसले. रबर गुंडाळून गुंडाळून घड्याळाचा चेंडू झाला, तरी आतला एक ना एक भाग फुटायचाच. स्फटिक सांभाळावा तर स्क्रीन जाते, स्क्रीन सांभाळावी तर कॉइल तुटते.

राजीनामा द्यायच्या विचारात असलेला इबे बागेत बसला होता. समोर एक मुलगी चेंडू आपटत होती. आणि ट्यूब पेटली! चेंडूच्या मधोमध एखादी वस्तू तरंगती ठेवली, तर धक्का तिच्यापर्यंत पोचणारच नाही. मग घड्याळाचं मशीन केसच्या आत मोजक्या बिंदूंवर टेकवून जवळजवळ अधांतरी ठेवलं गेलं. एप्रिल १९८३ मध्ये जी-शॉक बाजारात आलं.

आलं आणि जपानमध्ये पडलं. म्हणजे विक्रीत पडलं! सडपातळ घड्याळांच्या फॅशनमध्ये या पैलवानाला कोण विचारतो? अमेरिकेत जाहिरात आली: आइस हॉकीचा खेळाडू जी-शॉकला पक समजून फटकावतो. ‘अतिशयोक्ती!’ अशी बोंब झाली. टीव्हीवाल्यांनी खरंच मारून पाहिलं. घड्याळ चालूच! तिथून गाडी जी सुटली, ती २०१७ पर्यंत दहा कोटी नगांपर्यंत पोचली. त्याच वर्षी जवळपास २५ टनांचा ट्रक जी-शॉकच्या अंगावरून गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. ट्रक सुखरूप आहे.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. अमेरिकेत टाइमेक्सवाले टीव्हीवर लाइव्ह घड्याळाचे हाल करून दाखवायचे. एकदा बोटीच्या मोटरच्या पंख्याला घड्याळ बांधलं, मोटर पाण्यात फिरवली, थांबवली. घड्याळ गायब! सूत्रसंचालकाचा चेहरा कसा झाला असेल?

घड्याळाने पाठ दाखवली तर? शाबासकी! येगर-लकूल्त्रचं ‘रिव्हर्सो’ हे १९३१ चं. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून केसच उलटी फिरवायची सोय केली. मैदानात पाठ, क्लबात तोंड. आमच्या मते आयडिया झकास, पण रोज रिक्षात चढता-उतरता हे उलटं-सुलटं कोण करत बसणार?

काच म्हटली की सॅफायर हवी, असं सेल्समन सांगतो. खरं आहे का? बऱ्यापैकी. धुळीत आणि वाळूत असतात क्वार्ट्झचे कण, त्यांचा कठीणपणा मोह्सच्या मापात ७. साधी मिनरल काच त्याहून मऊ, म्हणून ओरखडते. सॅफायर ९ वर, म्हणून धूळ तिचं काही वाकडं करू शकत नाही. पण जोरात आपटली तर तीच कडक काच तडकते, आणि जुनी स्वस्त अ‍ॅक्रिलिक मात्र तग धरते. अ‍ॅक्रिलिकवरचे ओरखडे तर टूथपेस्टने घासूनही जातात. दात आणि काच, एका ट्यूबमध्ये!

मेकॅनिकलवाल्यांनो, पर्सच्या मॅग्नेटपासून जपून राहा. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकाने भारली की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट पुढे पळतं. काटेवालं क्वार्ट्झ चुंबकाजवळ थांबतं आणि दूर नेलं की पुन्हा निमूट चालू होतं. डिजिटलला? शष्प फरक पडत नाही.

पाऊस आला, पळा!

रोलेक्सची जाहिरात मर्सिडीजने केली होती, माहीत आहे का? गाडीने नव्हे हो! मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश खाडी पोहणारी जलतरणपटू. ऑक्टोबर १९२७ मध्ये ती गळ्यात रोलेक्स ‘ऑयस्टर’ बांधून बर्फगार पाण्यात उतरली. दहा तासांहून जास्त. त्या खेपेला थंडीने तिला बाहेर यावं लागलं. घड्याळ मात्र ठणठणीत. रोलेक्सने लगेच ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर ढोल वाजवला.

पण तुमच्या घड्याळावर ‘३० मीटर’ लिहिलंय म्हणून विहिरीत उडी मारू नका! तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा. व्यवहारात ३० म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी आणि चार थेंब पाऊस. पोहायचं तर १०० बघा. आणि पाण्याखाली बटणं दाबणं बंद. गरम पाण्याची आंघोळ तर त्याहून वाईट, वाफेपुढे रबरी सील हात टेकतात. रंगपंचमीला काढून ठेवलेलं बरं. सील टिकेल, पण पट्टा गुलाबी होईल.

आणि पट्टा! घड्याळ फुटून कमी जातं, पट्ट्याची पिन निसटून जास्त. ब्रिटिश लष्कराने १९७३ मध्ये यावर तोडगा काढला: नायलॉनची एकसंध पट्टी, दोन्ही पिनांखालून ओवलेली. एक पिन गेली तरी घड्याळ दुसरीवर लोंबकळतं. आज त्यालाच नाटो स्ट्रॅप म्हणतात. घाम आला की धुवा, वाळवा, पुन्हा ओवा. चामड्याच्या पट्ट्याने मुंबईचा जुलै काढून दाखवावा!

किती वाजले, दिसतंय का?

सर्वांत चमकदार विनोद १९७२ चा. हॅमिल्टनचं ‘पल्सर’: सोन्याचं, लाल एलईडी आकड्यांचं, किंमत २,१०० डॉलर. एवढे पैसे मोजून वेळ दिसायची? छे! बटण दाबलं तरच आकडे उमटायचे, नाहीतर बॅटरी संपायची. म्हणजे एका हातात पिशवी असेल तर वेळ विचारायची शेजाऱ्याला.

उलट लष्करी शहाणपण बघा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने बारा कंपन्यांकडून एकाच नमुन्याची घड्याळं बनवून घेतली. काळी डायल, ठसठशीत आकडे, अंधारात चमकणारे काटे, न फुटणारी काच. संग्राहक त्यांना ‘डर्टी डझन’ म्हणतात. आजही दुकानात गोंधळ उडाला, तर हाच नमुना डोळ्यांपुढे आणा.

अंधारातल्या चमकेला मात्र काळी बाजू आहे. शंभरेक वर्षांपूर्वी न्यू जर्सीच्या ऑरेंजमधल्या कारखान्यात मुली डायलवर रेडियमचा रंग लावायच्या. टोक बारीक करायला ब्रश ओठांत धरायच्या, तसं त्यांना शिकवलंच होतं. जबडे सडले, अनेकींचा जीव गेला. पाच जणींनी खटला लढवला, १९२८ मध्ये तडजोड झाली. आजोबांचं खरं रेडियमवालं घड्याळ आता चमकत नसेल, तरी रेडियम तिथेच आहे. ते घरी उघडू नका. आजची चमक जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये काढलेल्या, किरणोत्सर्ग नसलेल्या रसायनाची आहे.

जाहिरातीत घड्याळात कायम दहा वाजून दहा मिनिटंच का? काटे हसतात आणि मधलं कंपनीचं नाव मोकळं राहतं! दुकानात तुम्ही काटे सव्वातीनवर आणा. तारखेची खिडकी झाकली गेली? मग रोज दुपारी झाकली जाणार. दिवे कमी असतील तिथे हात लांब करून बघा. अर्ध्या सेकंदात वाचता आलं नाही, तर ते घड्याळ नव्हे, दागिना.

स्विस रेल्वेच्या घड्याळाचा लाल सेकंदकाटा माहीत आहे का? तो साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पूर्ण करतो आणि वर जाऊन चक्क थांबतो! मुख्य घड्याळाचा इशारा आला की मिनिटकाटा उडी मारतो आणि स्वारी पुन्हा निघते. २०१२ मध्ये अ‍ॅपलने ही डायल आयपॅडवर न विचारता वापरली. रेल्वेने हरकत घेतली आणि अ‍ॅपलला परवाना घ्यावा लागला.

आणि आता आमचा हिरो. एफ-९१डब्ल्यू, जन्म १९८९, वजन २१ ग्रॅम, बॅटरी सात वर्षं. र्‍यूसुके मोरियाई यांनी कॅसिओत केलेलं हे पहिलंच डिझाइन. इतकं साधं, इतकं सगळीकडे, की अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगातल्या कैद्यांविरुद्धच्या कागदपत्रांत ‘याच्याकडे हे घड्याळ सापडलं’ अशी नोंद पुरावा म्हणून आली! त्याच न्यायाने निम्मं कॉलेज आत जाईल.

एवढं लोकप्रिय म्हटल्यावर नकलाही ढिगाने. घेताना उजवीकडचं बटण तीन सेकंद दाबून धरा. अस्सल असेल तर स्क्रीनवर कंपनीचं नाव उमटतं. नुसतेच आकडे दिसत राहिले तर दुकानदाराकडे बघून गोड हसा, दहा वाजून दहा मिनिटांसारखं, आणि शेजारच्या दुकानात जा.