जुन्या वेषांची शिवण

वेष हा मनुष्याचा मुका परिचय असतो. रंगभूमीवरील पडदा वर जातो, पात्र प्रवेश करते आणि त्याच्या मुखातून एक शब्दही बाहेर पडण्यापूर्वी ते राजा आहे की सेवक, धनिक आहे की निर्धन, हे प्रेक्षकांना कळून चुकते. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक 1919 साली रंगभूमीवर आले. त्यातील सिंधू ही सुखवस्तू घरातील गृहिणी पतीच्या मद्यपानामुळे दारिद्र्याच्या खाईत लोटली जाते. तिची ही दुर्दशा जितकी संवादांतून ऐकू येते, तितकीच तिच्या अंगावरील लुगड्यातून दिसते.

सिंधूची ही भूमिका बालगंधर्व करीत असत. नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे मूळ नाव. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. 1913 साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत वेषभूषेकडे अतिशय लक्ष दिले जाई. बालगंधर्वांनी नेसलेले शालू, त्यांचे दागिने आणि केशरचना पाहून घरोघरच्या स्त्रिया तशीच वस्त्रे नेसू लागल्या. एरवी नाटक जगाचे अनुकरण करते; येथे जगाने नाटकाचे अनुकरण केले!

नाटक मंडळीची वस्त्रे जेथे जपून ठेवलेली असतात, त्या विभागाला कपडेपट असे म्हणतात. परंतु कपडेपटासाठी शिवणारे सगळेच व्यवसायाने शिंपी असतात असे नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी, गावातील हौशी नाटकासाठी किंवा केवळ स्वतःच्या आनंदासाठी जुन्या धर्तीचे पोशाख शिवणारी माणसे पुष्कळ आहेत. कोणी अंगरखा शिवतो, कोणी पगडी बनवतो, तर कोणी चोळी बेतण्याची जुनी रीत शिकून घेतो. वरवर पाहता हा सुईदोऱ्याचा खेळ वाटतो; पण जो त्यात पडतो, त्याला इतिहास, गणित आणि धीर या तिन्हींची गरज भासते.

या छंदाची पहिली पायरी म्हणजे निरीक्षण. पुण्याचे राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय किंवा अहमदाबाद येथे 1949 साली स्थापन झालेले कॅलिको वस्त्रसंग्रहालय अशा ठिकाणी जुनी वस्त्रे प्रत्यक्ष पाहता येतात. ज्यांना तेथे जाणे शक्य नसते, ते जुनी चित्रे आणि छायाचित्रे अभ्यासतात. मात्र चित्र पाहतानाही सावध राहावे लागते. राजा रविवर्मा यांनी पुराणांतील स्त्रियांची अनेक सुंदर चित्रे काढली. त्यांतील काहींना त्यांनी महाराष्ट्रातील स्त्रियांप्रमाणे नऊवारी नेसवली आहे. त्यावरून पुराणकाळी स्त्रिया असेच लुगडे नेसत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ती चित्रे एकोणिसाव्या शतकाची साक्ष देतात, पुराणकाळाची नव्हे.

प्रत्येक वस्तूला तिचा काळ असतो, हे लक्षात ठेवले नाही तर वेषात विसंगती शिरते. सतराव्या शतकातील मावळ्याच्या अंगरख्याला प्लॅस्टिकची बटणे लावली किंवा पाठीशी चेन बसवली, तर जाणत्या प्रेक्षकाला हसू आवरत नाही. कारण या दोन्ही वस्तूंचा प्रसार विसाव्या शतकातील आहे. रंगाचेही तसेच. इंग्लंडमधील विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला 1856 साली प्रयोग करताना योगायोगाने एक जांभळा रंग सापडला. रासायनिक रंगांचे युग तेथून सुरू झाले. त्यापूर्वी कापड नीळ, मंजिष्ठ, हळद अशा निसर्गातील द्रव्यांनी रंगवले जाई. म्हणून शिवकालीन वेषासाठी डोळ्यांत खुपणारा रासायनिक गुलाबी रंग निवडण्यापेक्षा मंजिष्ठेसारखा तांबडा किंवा निळीसारखा गडद निळा रंग निवडणे उचित होय.

दुसरी पायरी बेतण्याची. शिवण्यापूर्वी मापाप्रमाणे कापड कातरण्याची जी आखणी करतात, तिला बेतणे म्हणतात. जुन्या काळी कापड हातमागावर विणले जाई. एक एक वार विणण्यास किती श्रम पडतात, हे ठाऊक असल्यामुळे चिंधीदेखील वाया जाऊ नये, याकडे कारागिरांचा कटाक्ष असे. अंगरख्याचा घेर हे याचे उत्तम उदाहरण आहे. हा घेर वर अरुंद आणि खाली रुंद अशा पट्ट्या जोडून होतो. या पट्टीला कळी म्हणतात.

समजा, 30 सेंटिमीटर रुंद आणि 90 सेंटिमीटर लांब असा कापडाचा एक पट्टा आहे. त्याच्या वरच्या कडेवर डावीकडून 5 सेंटिमीटर अंतरावर एक खूण करावी. खालच्या कडेवर उजवीकडून 5 सेंटिमीटर अंतरावर दुसरी खूण करावी. या दोन खुणा तिरप्या रेषेने जोडून त्या रेषेवर कापड कातरावे. डावा तुकडा वर 5 आणि खाली 25 सेंटिमीटर रुंद होतो. उजवा तुकडा नेमका याच्या उलट असतो. तो खाली डोके वर पाय असा फिरवला, की तोही पहिल्यासारखाच होतो! अशा 6 पट्ट्यांतून 12 कळ्या निघतात. शिवणीत जाणारे कापड हिशेबात धरले नाही, तर त्या जोडल्यावर कमरेशी 60 सेंटिमीटर आणि खाली 300 सेंटिमीटर, म्हणजे 3 मीटर घेर मिळतो; आणि एक बोटभर चिंधीही उरत नाही.

मात्र या युक्तीलाही मर्यादा आहे. कापडावर एकाच दिशेने उभी असलेली फुले छापलेली असतील, तर अर्ध्या कळ्यांवर ती उलटी दिसतील. मखमलीची लवही एकाच दिशेला झुकलेली असते. तिची कळी उलटी जोडली, तर दिव्याच्या प्रकाशात दोन शेजारच्या कळ्या दोन वेगळ्या छटांच्या भासतात. यास्तव कात्री चालवण्यापूर्वी कापड नीट न्याहाळणे अगत्याचे असते.

जुन्या बेतात आणखी एक चतुराई आढळते. सरळ अंगाला सरळ बाही जोडली, तर हात वर करताच संपूर्ण अंगरखा वर ओढला जातो आणि काखेतील शिवण ताणून उसवते. हे टाळण्यासाठी काखेत कापडाचा एक लहान चौकोनी तुकडा तिरपा बसवत. हात खाली असताना तो घडीत लपून राहतो. हात वर होताच उलगडतो आणि हाताला मोकळीक देतो. तलवार उगारणाऱ्या नटाला या तळहाताएवढ्या तुकड्याचे मोल चांगलेच कळते. बाराबंदी या आखूड अंगवस्त्राची रचनाही अशीच विचारपूर्वक केलेली आहे. ती बटणांऐवजी बारा बंदांनी बांधतात, म्हणून तिचे नाव बाराबंदी. बंद सैल किंवा घट्ट बांधता येत असल्यामुळे अंगाने थोडा भरलेला वा वाळलेला माणूसही तीच बाराबंदी घालू शकतो.

तिसरी पायरी प्रत्यक्ष शिवणाची. येथे उतावळेपणा कामाचा नाही. भारी कापडाला एकदा कात्री लागली, की झालेली चूक सुधारणे कठीण. म्हणून अनुभवी माणसे प्रथम स्वस्त मांजरपाटाचा नमुना कच्च्या टाक्यांनी शिवून अंगावर चढवून पाहतात. कोठे काचतो, कोठे लोंबतो, हे पाहून खडूने खुणा करतात आणि मगच खऱ्या कापडाला हात घालतात. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात, त्याला मराठीत ‘माया’ हा किती गोड शब्द आहे! आज एका नटासाठी शिवलेला अंगरखा उद्या दुसऱ्या, अधिक धिप्पाड नटाला घालावा लागला, तर आत राखलेली ही मायाच उपयोगी पडते.

रंगभूमीसाठी शिवताना या सर्वांखेरीज आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली गोष्ट अंतर. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला नाजूक भरतकाम दिसत नाही. त्याला रुंद काठ आणि ठळक रंगच दिसतात. दुसरी गोष्ट दिव्यांचा प्रकाश. रंगीत प्रकाशात कापडाचा रंग पार बदलून जातो, म्हणून कापड दिव्याखाली धरून निवडावे. तिसरी गोष्ट वेग. दोन प्रवेशांच्या मधल्या थोड्या वेळात वेष बदलायचा असतो. अशा वेळी बंदांच्या गाठी केवळ दिसण्यापुरत्या ठेवून त्यांच्या आड हूक लावतात. नऊवारी लुगडे नऊ वार, म्हणजे सुमारे 8 मीटर लांब असते आणि ते चापूनचोपून नेसण्यास वेळ लागतो. म्हणूनच आज नाच-नाटकांसाठी निऱ्या आणि कासोटा आधीच शिवून टाकलेली नऊवारी वापरतात.

वेषाला साज चढतो तो लहानसहान वस्तूंनी. फेटा प्रत्येक वेळी डोक्यावर बांधावा लागतो; पगडी मात्र एकदा घडवली की तशीच राहते. हौशी माणूस पुठ्ठ्याचा साचा करून त्यावर कापडाच्या पिळलेल्या पट्ट्या घट्ट बसवतो. लोखंडी कड्यांचे चिलखत नाटकात कोण वागवणार? त्यासाठी जाड सुतळी सैलसर विणून तिला रुपेरी रंग देतात. दुरून ते हुबेहूब चिलखत वाटते आणि वजनाला हलके असल्यामुळे नटाला मोकळेपणाने वावरता येते. ही फसवणूक नव्हे. जे दिसावयास हवे, ते योग्य साधनांनी दाखवणे हीच रंगभूमीची कला आहे.

या कलेने एका महाराष्ट्रकन्येला जगात कीर्ती मिळवून दिली. भानू अथैय्या यांचा जन्म 1929 साली कोल्हापूर येथे झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे चित्रपटांसाठी वेषभूषा करण्याचे कार्य स्वीकारले. 1982 साली प्रदर्शित झालेल्या ‘गांधी’ या चित्रपटात महात्माजींचा दक्षिण आफ्रिकेतील बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा जीवनप्रवास वेषांतूनही दाखवावयाचा होता. या वेषभूषेसाठी 1983 साली त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. 2020 साली त्यांचे निधन झाले. त्याआधी, 2012 साली, आपल्या पश्चात त्या सन्मानचिन्हाची हेळसांड होऊ नये, म्हणून त्यांनी ते पुरस्कार देणाऱ्या संस्थेकडेच जपणुकीसाठी सोपवले.

धातूच्या मूर्तीची जिथे इतकी चिंता, तिथे कापडाची काय कथा! ताम्रपट आणि शिलालेख शतकानुशतके टिकतात. पण वस्त्राला ऊन, दमट हवा, घाम आणि कसर असे अनेक शत्रू आहेत. रेशीम घडीवर चिरते, नैसर्गिक रंग विटतात. शिवाय जुने लुगडे फाटले, की त्याची गोधडी होते आणि गोधडी विरली, की तिचे पोतेरे होते. म्हणूनच राजांचे भरजरी पोशाख थोडेफार उरले, पण शेतकऱ्याची बंडी आणि मजुराचे धोतर फारच क्वचित राहिले.

वस्त्र गेले, तरी ते बेतण्याची विद्या राहू शकते. मात्र ती हातांतून हातांकडे जावी लागते. काखेतला तो चौकोनी तुकडा कसा बसवावा, हे पुस्तकात वाचून अर्धेच समजते. एकदा चुकून, उसवून, पुन्हा शिवले, की ते बोटांना कायमचे कळते. घरातील आजीला किंवा गावातील वृद्ध शिंप्याला अशा कितीतरी गोष्टी ठाऊक असतात. त्या विचारण्यास कोणी आले नाही, तर त्या त्यांच्याबरोबरच नाहीशा होतील. जो मुलगा किंवा जी मुलगी त्यांच्याजवळ बसून एक साधी बाराबंदी शिवण्यास शिकेल, तिच्या हातून केवळ एक अंगवस्त्र तयार होणार नाही. पूर्वजांची काटकसर, त्यांचा हिशेब आणि त्यांची कल्पकता यांचा एक धागा तुटता तुटता वाचेल.